मूत्राशयाचा कर्करोग आणि लघवीचा इन्फ्रारेड स्पेक्ट्रम: नमुना घेण्यापासून निकाल वाचण्यापर्यंत

लघवीतून न दुखता रक्त जाणं हे मूत्राशयाच्या कर्करोगाचं सर्वांत नेहमीचं लक्षण. निदान पक्कं होतं ते सिस्टोस्कोपीने, म्हणजे मूत्रमार्गातून दुर्बीण घालून, आणि काढलेल्या तुकड्याच्या बायोप्सीने. गाठ काढली तरी ती पुन्हा उगवण्याचं प्रमाण मोठं, म्हणून जास्त जोखमीच्या पेशंटला पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी दुर्बिणीला सामोरं जावं लागतं. लघवीची सायटॉलॉजी, म्हणजे लघवीतल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, हाय-ग्रेड (आक्रमक) गाठी बऱ्यापैकी पकडते, लो-ग्रेड (सौम्य) गाठी मात्र तिच्या हातून निसटतात. मधली ही जागा भरून काढणारी, लघवीवरच करता येणारी स्वस्त चाचणी शोधण्याचे बरेच प्रयत्न चालू आहेत. इन्फ्रारेड स्पेक्ट्रोस्कोपी त्यांपैकी एक: नमुन्यावर इन्फ्रारेड प्रकाश टाकायचा आणि कुठला प्रकाश किती शोषला गेला याचा आलेख, म्हणजे स्पेक्ट्रम, वाचायचा.

ही पद्धत अजून संशोधनाच्या टप्प्यावर आहे. स्पेक्ट्रम कितीही सुंदर आला तरी त्याच्या भरवशावर कुणाची दुर्बीण टाळायची नाही, पुढेही ढकलायची नाही.

ठाणे-नवी मुंबईत यंत्राची वानवा नाही. ऐरोली, रबाळे, महापे, तुर्भे या टीटीसी औद्योगिक पट्ट्यातल्या औषध आणि रसायन कंपन्यांत कच्चा माल ओळखायला एफटीआयआर, म्हणजे इन्फ्रारेड स्पेक्ट्रम घेणारं यंत्र, रोज चालतं. मुतखडा कशाचा आहे हेही याच यंत्रावर पाहतात. टाटा मेमोरियलच्या खारघर इथल्या संशोधन केंद्रात, म्हणजे अ‍ॅक्ट्रेकमध्ये तोंडाच्या कर्करोगावर रामन स्पेक्ट्रोस्कोपीचं काम अनेक वर्षं झालेलं आहे, म्हणजे प्रकाश टाकून कर्करोग अभ्यासणं या भागाला नवखंही नाही. खरी अडचण वेगळीच आहे. लघवीच्या स्पेक्ट्रममध्ये फरक पाडणाऱ्या, पण कर्करोगाशी काही संबंध नसलेल्या गोष्टी डझनावारी आहेत. कॉम्प्युटर त्यांतली कुठलीही एक धरून ‘कर्करोग ओळखला’ असं सांगू शकतो. म्हणून खालच्या बहुतेक पायऱ्या त्या गोष्टी आधीच बाजूला काढण्यासाठी आहेत.

थेंबात काय असतं

मध्य-इन्फ्रारेड म्हणजे ४००० ते ४०० सेमी⁻¹ (एका सेंटिमीटरात प्रकाशाच्या किती लाटा बसतात तो आकडा). या पट्ट्यातला प्रकाश रेणूंमधले बंध आपापल्या कंपनानुसार शोषतात. जैविक नमुन्यात कामाचा भाग मुख्यतः १८०० ते ९०० सेमी⁻¹ हा, त्याच्या जोडीला स्निग्ध पदार्थांसाठी २९२० आणि २८५० चे पीक, म्हणजे आलेखातले उंचवटे. प्रथिनांचे अमाइड-१ साधारण १६५० ला आणि अमाइड-२ साधारण १५४५ ला दिसतात. न्यूक्लिक आम्लांतल्या फॉस्फेटचे पीक १२३० आणि १०८० च्या आसपास, ग्लायकोजेन १०३० च्या आसपास.

पुस्तकात हे सरळ दिसतं. लघवीत नाही, आणि त्याचं कारण आकड्यांत आहे. लघवीत लिटरमागे साधारण १० ते २० ग्रॅम युरिया असतो. निरोगी माणसाच्या लघवीतून दिवसभरात जाणारं प्रथिन १५० मिलिग्रॅमपेक्षा कमी, म्हणजे दीड लिटर लघवी धरली तर लिटरला जेमतेम १०० मिलिग्रॅम. १ मायक्रोलिटरच्या थेंबात युरिया १० ते २० मायक्रोग्रॅम आणि प्रथिन ०.१ मायक्रोग्रॅम. शंभर-दोनशे पटींचा फरक! युरियाचे पीक १६८०, १६२० आणि १४६० च्या आसपास येतात, म्हणजे त्यांतले दोन नेमके अमाइड-१ च्या दोन बाजूंना. न गाळलेल्या लघवीच्या स्पेक्ट्रममध्ये १६५० कडे बोट दाखवून ‘प्रथिन वाढलंय’ म्हणणारा माणूस बहुतेक वेळा युरियाच पाहत असतो.

म्हणून लघवीचे दोन भाग वेगळे करून दोन्हींचे स्पेक्ट्रम घ्यावेत: वरचं नितळ पाणी आणि तळाशी बसलेल्या पेशी. कर्करोगाच्या पेशी सुटून आल्या असतील तर त्या तळाशी मिळतील. वरच्या भागात विरघळलेली प्रथिनं, चयापचयातले पदार्थ आणि भरपूर युरिया. दोन्हींची उत्तरं वेगळी येऊ शकतात, ती एकत्र कालवू नयेत.

कोणाची लघवी घ्यायची

अभ्यास बहुतेक वेळा इथेच फसतो. एका गटात साठीच्या पुढचे, लघवीतून रक्त जाणारे पुरुष पेशंट आणि दुसऱ्या गटात लॅबमधले पंचविशीचे विद्यार्थी ठेवले, तर यंत्र ९५ टक्के अचूकता दाखवेल. ती अचूकता वयाची, रक्ताची आणि प्रोस्टेटची असेल.

कंट्रोल, म्हणजे तुलनेचा गट त्याच ओपीडीतून, त्याच तक्रारीने आलेल्या माणसांचा हवा: लघवीतून रक्त गेलं, दुर्बीण झाली आणि गाठ निघाली नाही. त्यात मुतखड्याचे, प्रोस्टेट वाढलेले, जंतुसंसर्गाचे पेशंट असू द्या. प्रत्यक्ष वापरात डॉक्टरला याच लोकांतून कर्करोगाचा पेशंट वेगळा काढायचा असतो. वय आणि लिंग दोन्ही गटांत जुळवा. निरोगी स्वयंसेवकांचा छोटा तिसरा गट ठेवायला हरकत नाही, पण मुख्य आकडा त्यांच्यावरून काढू नका.

प्रत्येक पेशंटच्या फॉर्मवर इतकं हवंच: विडी-सिगारेट, कामाचं स्वरूप (रंग, रबर, रसायनं हाताळली का, किती वर्षं, काही अ‍ॅरोमॅटिक अमाइन्सचा या कर्करोगाशी संबंध सिद्ध झालेला आहे आणि आपल्या औद्योगिक पट्ट्यात हा प्रश्न वरवरचा नाही), मधुमेह, किडनीचा त्रास, चालू औषधं, आधीचं टीयूआरबीटी (दुर्बिणीतून गाठ काढण्याची शस्त्रक्रिया), मूत्राशयात सोडायच्या बीसीजी औषधाचा शेवटचा डोस कधी झाला. औषधांच्या रकान्यात लघवीच्या जळजळीसाठीचं सिरप मुद्दाम विचारा. डायसोडियम हायड्रोजन सायट्रेटचं सिरप आपल्याकडे इतकं सर्रास दिलं-घेतलं जातं की पेशंट त्याला औषध म्हणून मोजतच नाही. सायट्रेटचे पीक मात्र १५८० आणि १३९० च्या आसपास ठळक येतात.

संस्थेच्या एथिक्स कमिटीची मंजुरी आणि पेशंटला कळेल अशा भाषेतली लेखी संमती पहिला नमुना घेण्याआधी हवी. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांत हे सविस्तर दिलं आहे. नळीवर नाव नको, फक्त कोड. आणि स्कॅन करणाऱ्याला कोड कुठल्या गटाचा आहे ते कळू नये.

कप हातात देताना

झोपेत रात्रभर मूत्राशयात साठलेल्या लघवीत पेशी सडतात, फुगतात. म्हणून सकाळची पहिली लघवी नको, दुसरी हवी. पेशंटला सांगायचं ते असं: “काका, सकाळची पहिली लघवी घरी करून या. इथे आल्यावर हात साबणाने धुवा, सॅनिटायझर लावू नका. सुरुवातीची थोडी सोडून द्या, मधली धार या डब्यात धरा, निदान अर्धा डबा तरी भरू द्या.” बायकांना याआधी ओल्या गॉजने स्वच्छ करायला सांगा. योनीमार्गातल्या चपट्या पेशी मिसळल्या की त्यांतलं ग्लायकोजेन १०३० आणि ११५० च्या भागात शिरतं आणि तळाच्या पेशींचा स्पेक्ट्रम पार बदलून जातो.

सॅनिटायझर का नको? त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि त्याचा जोरदार पीक १०४० च्या आसपास येतो. पावडरचे हातमोजेही नकोत. पावडर म्हणजे स्टार्च, तोही १००० ते ११५० मध्येच. डबा साधा, निर्जंतुक, काहीही न घातलेला असावा. कल्चरसाठीच्या काही डब्यांत बोरिक अ‍ॅसिड असतं, ते इथे चालत नाही. सायटॉलॉजीच्या काही फिक्सेटिव्हमध्ये कार्बोवॅक्स, म्हणजे पॉलिइथिलीन ग्लायकॉल असतं. त्याचा ११०० चा पीक बाकी सगळं झाकून टाकतो. सायटॉलॉजीला नमुना पाठवायचा असेल तर आधी आपला भाग वेगळा काढा, फिक्सेटिव्ह नंतर घाला.

नमुना दुर्बिणीच्या आधीच घ्यायचा. दुर्बिणीच्या वेळी मूत्रमार्गात लिग्नोकेन जेली घालतात आणि ती दाट करायला सेल्युलोजचे प्रकार वापरलेले असतात. दुर्बिणीनंतरच्या लघवीत ही जेली उतरते. एका गटाचे नमुने आधी आणि दुसऱ्याचे नंतर घेतले गेले, तर तुम्ही कर्करोगाची नव्हे, जेलीची चाचणी बनवलेली असते. टीयूआरबीटीनंतर काही आठवडे रक्त आणि मेलेल्या पेशींचा कचरा येत राहतो. बीसीजीने मूत्राशयाला सूज येते, पांढऱ्या पेशी वाढतात. अशा पेशंटचा गट वेगळाच ठेवा.

कप हातात आला की लगेच डिपस्टिक बुडवा: रक्त, पांढऱ्या पेशी, नायट्राइट, ग्लुकोज, प्रथिन, पीएच, विशिष्ट गुरुत्व. दोन मिनिटांचं काम आहे. पुढे आकडेवारी करताना याच पट्टीवरून कळतं की आपलं मॉडेल नक्की काय ओळखतंय. क्रिएटिनिनसाठी (लघवी किती घट्ट आहे ते यावरून कळतं) १ मिली वेगळी काढा.

ओपीडी ते लॅब

दोन तासांत सेंट्रिफ्यूज झालं पाहिजे. ठाण्याच्या एखाद्या ओपीडीत नमुना आणि खारघरला लॅब, अशी मांडणी असेल तर ठाणे-बेलापूर रस्त्याच्या भरवशावर दोन तासांचं गणित बांधू नका. साधं टेबलटॉप सेंट्रिफ्यूज ओपीडीजवळच ठेवा आणि वेगळे केलेले भाग पाठवा. आइसबॉक्समध्ये नळी थेट बर्फाला टेकू देऊ नका. कडेची लघवी गोठते आणि पेशी फुटतात. मध्ये थर्माकोल किंवा जाड कापड घाला, तापमान ४ अंशांच्या आसपास राहू द्या.

उन्हाळ्याबद्दल एक गोष्ट. एप्रिल-मेमध्ये इथला पेशंट घामाने इतका कोरडा पडतो की लघवी दुप्पट घट्ट येते. एक गट उन्हाळ्यात आणि दुसरा गट थंडीत गोळा झाला तर फरक ऋतूचा दिसेल. दोन्ही गट महिन्यागणिक समांतर गोळा करा.

सेंट्रिफ्यूज

प्रोटोकॉलमध्ये आरपीएम (मिनिटाच्या फेऱ्या) नव्हे, जी (गुरुत्वाकर्षणाच्या किती पट जोर) लिहा. हिशेब सोपा आहे: ०.००००१११८ गुणिले रोटरची त्रिज्या सेंटिमीटरमध्ये, गुणिले आरपीएमचा वर्ग. १५ सेंटिमीटर त्रिज्येच्या रोटरवर ५०० जी म्हणजे साधारण १७३० आरपीएम, २००० जी म्हणजे साधारण ३४५० आरपीएम.

नमुना हलक्या हाताने उलटसुलट करून ४० मिली लघवी ५० मिलीच्या निमुळत्या नळीत घ्या. ४ अंशांवर ५०० जी, १० मिनिटं, ब्रेक कमी ठेवून. वरचं पाणी ओतू नका, पिपेटने काढा, तळाचं १ मिली नळीतच राहू द्या. हे काढलेलं पाणी पुन्हा २००० जी वर १० मिनिटं फिरवा आणि ०.५ मिलीच्या भागांत उणे ८० ला ठेवा. प्रत्येक भाग एकदाच वितळवायचा. पुन्हा गोठवलेला भाग मोजायचा नाही.

तळाच्या पेशी १ मिली ०.९ टक्के सलाइनमध्ये अलगद मिसळून पुन्हा फिरवा, असं दोनदा. पीबीएस (फॉस्फेट घातलेलं सलाइन) वापरण्याचा मोह इथे आवरा. पीबीएसमधल्या फॉस्फेटचे पीक १०८० आणि ९८० च्या भागात, म्हणजे नेमके जिथे पेशीतलं न्यूक्लिक आम्ल शोधायचं तिथेच येतात. मीठ मध्य-इन्फ्रारेडमध्ये स्वतः काही शोषत नाही, फक्त त्याचे स्फटिक प्रकाश विखुरतात. म्हणून शेवटच्या फेरीत सलाइन जितकं काढता येईल तितकं काढा आणि २०-३० मायक्रोलिटरमध्येच पेशी ठेवा.

पेलेट, म्हणजे तळाशी बसलेला पेशींचा गोळा, गुलाबी-लाल दिसला तर अमोनियम क्लोराइडच्या, तांबड्या पेशी फोडणाऱ्या लायसिस बफरमध्ये पाच मिनिटं ठेवून सलाइनने दोनदा धुवा. हे करायचं असेल तर सगळ्यांचंच करा, लाल दिसलेल्यांचंच नको. नाहीतर एका गटाला जास्त धुतलं जातं आणि तोच फरक स्पेक्ट्रममध्ये उतरतो.

स्कॅनच्या आधी १० मायक्रोलिटर न्यूबावर चेंबरमध्ये घालून सूक्ष्मदर्शकाखाली पाहा. निरोगी माणसाच्या पेलेटमध्ये पेशी अगदी थोड्या असतात. तिथे जो स्पेक्ट्रम येतो तो बऱ्याचदा युरोमोड्युलिन या प्रथिनाच्या चिकट धाग्यांचा किंवा स्फटिकांचा असतो. आम्लधर्मी लघवी थंड झाली की युरेट खाली बसतं, ३७ अंशांवर ते बहुतांशी विरघळतं. अल्कधर्मी लघवीत फॉस्फेट बसतं, ते ऊब दिल्याने जात नाही. अशा नमुन्यावर खूण करा आणि पेलेटच्या विश्लेषणातून बाहेर ठेवा. किमान किती पेशी हव्यात ते अभ्यास सुरू करतानाच लिहून टाका, निकाल पाहून ठरवू नका.

वरच्या पाण्यातली प्रथिनं पाहायची असतील तर युरिया घालवावाच लागतो. १० किलोडाल्टनचा सेंट्रिफ्यूज फिल्टर घ्या, ४ मिली लघवी त्यातून फिरवा, मग तीन वेळा डिस्टिल्ड वॉटरने धुवा. युरिया आणि क्षार खाली जातात, प्रथिनं वर राहतात. फिल्टर नवा असताना त्याच्या पडद्यावर ग्लिसरीनचा अंश असतो, तो आधी पाण्याने दोनदा फिरवून काढून टाका. १४६० चा युरियाचा पीक जवळपास नाहीसा झाला की धुणं पुरेसं झालं.

पावसाळ्यात थेंब वाळत नाही

या भागात हे काम करणाऱ्याला ही गोष्ट पक्की कळली पाहिजे. पाण्याचा एक मोठा पीक १६४० ला येतो, अमाइड-१ च्या डोक्यावर. म्हणून थेंब एटीआरच्या क्रिस्टलवर (यंत्राची नमुना ठेवायची छोटी हिऱ्याची खिडकी) पूर्ण वाळवूनच मोजतात. कोरड्या हवेत १ मायक्रोलिटर काही मिनिटांत वाळतो. पण युरिया ओलावा ओढतो. ३० अंशांवर हवेतली आर्द्रता साधारण ७२-७३ टक्क्यांच्या वर गेली की युरियाचा स्फटिक हवेतलं पाणी शोषून स्वतःच विरघळू लागतो. मिठाची ही मर्यादा ७५ टक्के. दोन्ही एकत्र असले की ती आणखी खाली येते. जुलै-ऑगस्टमध्ये ठाण्यात, वाशीत, खारघरला आर्द्रता ८० च्या वर असते. म्हणजे खिडकी उघडी असलेल्या खोलीत लघवीचा थेंब वाळणारच नाही, वाट पाहून काही उपयोग नाही. तो वरवर घट्ट, चकचकीत दिसेल आणि आत ओलाच राहील. अर्धओल्या युरियाचे पीक कोरड्या युरियापेक्षा वेगळ्या जागी आणि वेगळ्या रुंदीचे असतात, त्यामुळे जूनमधले नमुने डिसेंबरमधल्यांपासून आपोआप वेगळे पडतात.

उपाय खोलीचा आहे. एसी आणि डीह्युमिडिफायर मिळून आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली, तापमान २४ अंशांच्या जवळ. आर्द्रतामापक यंत्राशेजारी ठेवा आणि प्रत्येक स्कॅनसोबत आकडा लिहा. हे जमत नसेल तर एटीआरवर छोटं झाकण बसवून त्यात कोरड्या नायट्रोजनची मंद धार सोडा. हेअर ड्रायर नको, गरम हवेने कड आधी वाळते आणि धूळ येऊन बसते ती वेगळीच. थेंब वाळला हे डोळ्यांनी ठरवायचं नाही. दर मिनिटाला एक झटपट स्कॅन घ्या आणि ३३०० चा पसरट उंचवटा पाहा. तो खाली येतो, मग थांबतो. लागोपाठचे दोन स्कॅन एकमेकांवर तंतोतंत बसले की वाळला. पेलेटचा थेंब लवकर वाळतो, घट्ट लघवीचा उशिरा. म्हणून ‘पाच मिनिटं थांबा’ असा सरसकट नियम कामाचा नाही.

यंत्रालाही पाऊस बाधतो. बऱ्याच यंत्रांत बीमस्प्लिटर (प्रकाशाचे दोन भाग करणारी तबकडी) पोटॅशियम ब्रोमाइडचा असतो, दमट हवेत तो धुरकट होतो आणि सिग्नल पडत जातो. पावसाळ्यात यंत्र रात्रीही चालू ठेवा, आतल्या उष्णतेने ओल दूर राहते. डेसिकंटचा रंग दर आठवड्याला पाहा. वीज गेली तरी यंत्र चालू राहील इतका यूपीएस हवाच.

स्कॅन

एका उसळीचा डायमंड एटीआर या कामाला पुरतो. प्रकाश नमुन्यात जेमतेम अर्धा ते दोन मायक्रॉन शिरतो, त्यामुळे थर पातळ असला तरी चालतं, पण थेंबाने क्रिस्टल सगळा झाकलेला हवा. थेंब वाळताना क्षार आणि प्रथिनं कडेला सरकून कडं तयार होतं. थेंब क्रिस्टलपेक्षा छोटा असेल तर एका वेळी कड मोजली जाईल, दुसऱ्या वेळी मधला भाग. साधारण २ मिलिमीटरच्या डायमंडवर १ ते १.५ मायक्रोलिटर ठीक. वरचा दाबाचा स्क्रू वाळलेल्या थरावर लावू नका.

दिवसाची सुरुवात पॉलिस्टायरीनच्या फिल्मने: १६०१ चा पीक १ सेमी⁻¹ इधर-उधर चालेल, त्याहून जास्त सरकला तर नमुने लावू नका. मग क्यूसीचा, म्हणजे यंत्राच्या रोजच्या तपासणीचा थेंब. अनेकांची लघवी एकत्र करून, छोटे भाग पाडून गोठवून ठेवा आणि रोज त्यातला एक मोजा. महिनाभराचे हे स्पेक्ट्रम एकावर एक ठेवले की यंत्र कधी आणि किती घसरलं ते स्पष्ट दिसतं.

गोठवलेला नमुना ३७ अंशांवर दहा मिनिटं ठेवून व्होर्टेक्स करा, थंडीत खाली बसलेलं पुन्हा विरघळू द्या. रिकाम्या, स्वच्छ क्रिस्टलवर बॅकग्राउंड प्रत्येक नमुन्याआधी नव्याने घ्या. रिझोल्यूशन ४ सेमी⁻¹, ६४ स्कॅन. साध्या डीएलएटीजीएस डिटेक्टरवर हे एक-दोन मिनिटांत होतं, द्रव नायट्रोजन लागणाऱ्या डिटेक्टरची गरज नाही. एका नमुन्याचे तीन वेगळे थेंब मोजा. एकाच थेंबाचे तीन स्कॅन मोजून काही कळत नाही. दिवसाच्या यादीत कर्करोगाचे आणि कंट्रोलचे नमुने चिठ्ठ्या टाकून मिसळा.

प्रत्येक थेंबानंतर डिस्टिल्ड वॉटरने भिजवलेला धागे न सुटणारा टिश्यू, मग ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल, मग कोरडा टिश्यू. लगेच लाइव्ह स्कॅन पाहा. रेषा सपाट हवी. २९७० आणि ९५० ला उंचवटे दिसले तर अल्कोहोल अजून उडालेलं नाही. २९२० आणि २८५० ला दिसले तर बोटाचं तेल किंवा आधीच्या नमुन्यातली चरबी आहे. हायपोक्लोराइट क्रिस्टलजवळ आणू नका, सभोवतालची धातूची चकती गंजते.

बारीक टोकदार काटे १४०० ते १९०० मध्ये उमटले तर ती हवेतली वाफ. ती दुसऱ्या डेरिव्हेटिव्हमध्ये (आलेखाचा बाक दाखवणारं गणिती रूप) अनेक पटींनी मोठी होऊन अमाइडचे पीक असल्याचा आभास देते. २३५० चा पीक कार्बन डायऑक्साइडचा, यंत्रावर वाकून बसलेल्याच्या श्वासाचाही. १८०० ते २३०० मधली खडबड स्वतः डायमंडची, ती सोडून द्या.

आणि पहिल्याच दिवशी एक काम उरका: जेली, सॅनिटायझर, मोज्याची पावडर, सलाइन, पीबीएस, लायसिस बफर, फिक्सेटिव्ह, सायट्रेटचं सिरप, प्रत्येकाचा एकेक स्पेक्ट्रम घेऊन फोल्डर बनवा. सहा महिन्यांनी एखादा विचित्र पीक समोर आला की हे फोल्डर तासाभराची डोकेफोड वाचवतं.

आकडे

१८०० ते ९०० कापा. साविट्स्की-गोले पद्धतीने दुसरं डेरिव्हेटिव्ह काढा, खिडकी ९ ते १३ बिंदूंची. यात पीक खाली तोंड करून दिसतात. नंतर व्हेक्टर नॉर्मलायझेशन, म्हणजे सगळे स्पेक्ट्रम एका मापावर आणणं. न गाळलेल्या लघवीत या नॉर्मलायझेशनचा अर्थ जवळजवळ ‘युरियाने भागलं’ असाच होतो. म्हणून तेच विश्लेषण क्रिएटिनिनने भागूनही करून पाहा. दोन्हींत टिकणारा फरकच धरायचा.

मग पीसीए (शेकडो आकडे मोजक्या आकड्यांत मांडणं) आणि त्यावर एलडीए, किंवा सरळ पीएलएस-डीए (दोन्ही गट वेगळे करणाऱ्या पद्धती). पेशंट शंभराच्या आत असतील तर याहून गुंतागुंतीच्या मॉडेलच्या वाटेला जाऊ नये असं आमचं ठाम मत आहे. सर्वांत घातक चूक ही: एका पेशंटचे तीन थेंब, त्यांतले दोन शिकवायला आणि एक तपासायला गेले. मॉडेलला कर्करोग नाही, माणूस ओळखता येतो. वाटणी पेशंटप्रमाणेच करा. पीसीए आणि प्रमाणीकरण प्रत्येक वाटणीच्या आत, फक्त शिकवणीच्या नमुन्यांवर. अगदी शेवटी उघडायचा एक गट सुरुवातीलाच बाजूला काढून कुलूपबंद ठेवा.

मॉडेल तयार झालं की त्याला तीन प्रश्न विचारा. दोन्ही गट सारख्या आकाराचे असताना गटांची नावं सरमिसळ करून सगळं पुन्हा चालवलं तर अचूकता ५० टक्क्यांच्या जवळ पडते का? नाही पडली तर कुठेतरी गळती आहे. त्याच स्पेक्ट्रमवरून स्कॅनचा महिना ओळखता येतो का? येत असेल तर वाळवण्यात किंवा यंत्रात दोष आहे. आणि डिपस्टिकवर रक्त असलेल्यांपुरतंच पाहिलं तरी मॉडेल चालतं का? इथे कोसळलं तर तुमची चाचणी रक्ताची होती, आणि ती डिपस्टिक काही रुपयांत करते.

१०८० वाढलं म्हणजे डीएनए वाढला असं लिहू नका. लघवीतले फॉस्फेट आणि सल्फेट तिथेच येतात, मधुमेह्याचं ग्लुकोजही त्या भागात येतं. एकट्या पीकवर अर्थ चढवण्यापेक्षा एकत्र हलणारे पीक पाहा. पेलेटमध्ये १०८० सोबत १२३० आणि अमाइड-२ ही बदलले, आणि त्याच नमुन्याच्या सायटॉलॉजीत पेशी दिसल्या, तर बोलण्यात दम आहे.

३० पैकी २७ पेशंट ओळखले तर संवेदनशीलता ९० टक्के, पण तिचा ९५ टक्के विश्वासमर्यादेचा पल्ला साधारण ७४ ते ९७ टक्के. हा पल्ला न लिहिता नुसता ९० लिहिणं दिशाभूल करतं. दुसरा हिशेब डॉक्टरसाठी. समजा लघवीतून रक्त गेलेल्या १००० जणांत ५० जणांना कर्करोग आहे आणि चाचणीची संवेदनशीलता आणि विशिष्टता दोन्ही ९० टक्के. ५० पैकी ४५ सापडतील, ५ सुटतील. उरलेल्या ९५० पैकी ९५ जणांना उगाच ‘पॉझिटिव्ह’ येईल. म्हणजे पॉझिटिव्ह आलेल्या १४० पैकी ४५, साधारण ३२ टक्केच खरे. ते सुटलेले पाच जण लक्षात घेऊनच युरॉलॉजिस्टशी बोलणी करावीत. अभ्यासातला एखाद्या पेशंटचा निकाल त्याच्या हातात रिपोर्ट म्हणून देऊ नये.

कचरा आणि फाइली

उरलेली लघवी १ ते २ टक्के हायपोक्लोराइटने निर्जंतुक करून मगच ड्रेनेजमध्ये. प्लॅस्टिकच्या नळ्या आणि टिप्स लाल पिशवीत. २०१६ च्या जैववैद्यकीय कचरा नियमांत रंगांची वर्गवारी आहे, तिची प्रत भिंतीवर लावा. रक्तमिश्रित लघवी उघड्या बेंचवर ओतू नका, आणि ज्या सेंट्रिफ्यूजला झाकणबंद बकेट नाही त्यात ती फिरवू नका.

मूळ स्पेक्ट्रम कुठलीही दुरुस्ती न करता, त्याच्या बॅकग्राउंडसकट साठवा. फाइलच्या नावात कोड, थेंबाचा क्रमांक आणि तारीख असू द्या. सोबतच्या तक्त्यात खोलीची आर्द्रता, डिपस्टिकचे आकडे, लघवी घेतल्यापासून सेंट्रिफ्यूजपर्यंतची मिनिटं, थेंब वाळायला लागलेला वेळ आणि स्कॅन करणाऱ्याची आद्याक्षरं. वगळलेले नमुनेही तक्त्यात राहू द्या, प्रत्येकापुढे वगळण्याचं कारण आणि तो निर्णय गट उघडण्याआधी झाला की नंतर, हे लिहून.